कटिंग मास्टर आणि उडीचं बटण

“सहावी लेवल पार झाली, मॅडम,” युनूसभाई म्हणाले आणि त्यांनी उजवा हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

मी त्यांच्या अंगठ्याच्या वरच्या सांध्यावर गोनिओमीटर लावला. शाळेतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या जोडल्या तर जे होईल तेच हे साधन. सांधा किती वाकतो ते अंशांत दाखवतं. आकडा आला वीस. मागच्या आठवड्यातही वीसच होता.

मी पुन्हा मोजलं. पुन्हा वीस.

मी अकोल्यात फिजिओथेरपिस्ट आहे. युनूसभाई इथल्याच एका कापड दुकानात कटिंग मास्टर होते. काउंटरची काच फुटली आणि उजव्या अंगठ्याचा टेंडन तुटला. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. स्नायू ती ओढतो तेव्हा बोट वाकतं. अमरावतीच्या सर्जननी दोरी नीट जोडली, पण अशी जोडलेली दोरी आजूबाजूच्या मांसाला चिकटायला बघते. ती रोज सरकत राहिली तरच मोकळी राहते. सरकवणार कोण? पेशंट, स्वतःच्या ताकदीनं. मी अंगठा धरून वाकवला तर तो साठ अंशांपर्यंत जात होता. सांधा चांगला होता, दोरीच सरकत नव्हती.

सर्जननी अंगठा जखडून ठेवणारी स्प्लिंट काढून हलकं काम करायला परवानगी दिली, तेव्हा मी त्यांना नेहमीचे व्यायाम दिले. ते त्यांनी केले नाहीत. नुसता अंगठा हलवत बसायची लाज वाटते म्हणाले. म्हणून मी घरातला हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम दिला. माझी मुलगी शिकायला अमरावतीला गेल्यापासून तो कपाटात पडून होता. फोनवर तिनं एकच अट घातली, माझा सेव्ह केलेला गेम पुसायचा नाही. युनूसभाईंनी ती अट अखेरपर्यंत पाळली.

गेम साधा होता. निळं जाकीट घातलेली एक खार डावीकडून उजवीकडे पळते. खड्डा आला, काटे आले की उडी मारायची. फांदीवरून ढगावर, ढगावरून छत्रीवर. डाव्या हाताशी दिशेची बटणं, उजव्या अंगठ्याखाली उडीचं बटण. ते अंगठ्याच्या टोकानं दाबलं की वरचा सांधा वाकतो आणि दोरी सरकते. एका लेवलमध्ये किती उड्या होतात ते मी स्वतः खेळून मोजलं होतं. माझ्या व्यायामाच्या तिप्पट भरल्या.

“हे पोरायचं खेळणं मले काहून देऊन राहिल्या?” त्यांनी विचारलं होतं. पण स्क्रीन सुरू झाली आणि ते वाकून बघायला लागले. आयुष्य कापडात गेलेला माणूस. लेवलच्या नंबरापेक्षा त्यांना रंग जास्त आठवत. पोपटी झाली, फिरोजी झाली, आता राणी कलरच्या ढगात अडकलो, असं सांगायचे. खारीच्या जाकिटाला बटणंच नाहीत याचा त्यांना शेवटपर्यंत त्रास झाला.

तर खार पुढे चालली होती आणि अंगठा जागेवर होता. मी सर्जनना फोन केला. ते म्हणाले, आणखी थोडं बघा, नाहीतर चिकटलेली दोरी सोडवायला पुन्हा ऑपरेशन. म्हणजे आणखी काही महिने घरी.

तेवढे महिने नव्हते. कापसाला भाव नव्हता ती वर्षं. आमच्याकडे कापूस विकला जातो तेव्हा कपडे शिवले जातात. दुकानात नवे सूट कमी आणि जुन्या पँटी कमरेत ढिल्या करायचं काम जास्त, अशी अवस्था होती. तेवढ्यात दुकानाच्या शेठजींचा मला फोन आला.

“मॅडम, मी त्याले काढून नाही राहिलो,” ते म्हणाले. “पण दिवाळीनंतर लग्नाचं जे काय काम येईन, ते कापाले माणूस पायजे ना? दुसरा कटर मी पाहून ठेवला. खरं सांगा, युनूस येईन का?”

मी म्हटलं, आज सांगता येत नाही. ते म्हणाले, मग कधी सांगता येईल?

पुढच्या वेळी मी युनूसभाईंना गेम सोबत आणायला सांगितलं. त्यांच्या पत्नी शमीमभाभीही आल्या. मी युनूसभाईंना खुर्चीत बसवून खेळायला लावलं. खार पहिल्याच खड्ड्यात पडली. पुन्हा पडली. सहा लेवल पार केलेल्या माणसाला पहिली जमेना.

“इथं नाही जमत,” ते म्हणाले. “टेबल पायजे.”

माझ्या ट्रीटमेंट टेबलाकडे गेले. चादरीची सुरकुती हातानं साफ केली, गेम आडवा ठेवला, उभे राहिले आणि खाली वाकले. डाव्या हाताची बोटं दिशेच्या बटणांवर आणि उजव्या हाताचं मधलं बोट उडीच्या बटणावर. सुई ढकलायला शिंपी ज्यावर अंगुस्तानाची टोपी घालतात ना, तेच बोट. खार टणाटण उड्या मारत निघाली. अंगठा बाजूला हवेत.

“घरी असंच खेळता?”

“मंग? कपडा काय हातात धरून कापतात का, मॅडम? कपडा टेबलावर आन् हात त्याच्यावर.”

शमीमभाभी म्हणाल्या, “पुरा दिवस कटिंगच्या टेबलाजवळ उभे राह्यते. मले वाटलं, डॉक्टरीणबाईनंच सांगतलं असन.”

मी गेम हातात कसा धरायचा ते दाखवलं. त्यांनी कबूल केलं. दोन दिवसांनी भाभींचा निरोप आला, पुन्हा टेबलावरच. मुद्दाम नव्हे. अवघड उडी आली की गेम आपोआप खाली टेकायचा आणि मधलं बोट पुढे यायचं. तीस वर्षांची सवय माझ्या सांगण्यानं जाणार नव्हती.

मग मी त्यांना शिवणाचंच काम दिलं. गेमला कापडी खोळ हवी. मागच्या बाजूला दोन्हीकडे पट्टे, चार बोटं आत अडकतील असे घट्ट. वर फक्त अंगठे मोकळे. बोटं मागे अडकली की गेम टेबलावर सपाट बसणारच नाही.

युनूसभाईंनी खडूनं तिथेच चादरीच्या कोपऱ्यावर आकृती काढली, तीही डाव्या हातानं. मग थांबले. “पण कापन कोण?”

मी भाभींकडे बघितलं.

“मले नका सांगू,” भाभी म्हणाल्या. “तुरपाई, काज-बटण समदं करतो मी. पण यायनं आजवर कैचीले हात नाही लावू देला.”

“वाकडं कापते ती,” युनूसभाई म्हणाले.

“कधी कापू देलं, ते वाकडं दिसलं तुमाले?”

युनूसभाईंनी खडू भाभींच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी खोळ तयार होऊन आली. जाड निळं सुती कापड, कडा सरळ. मी कापणी चांगली झाली म्हटलं. “कपडा चांगला होता,” ते म्हणाले.

त्यानंतर पळवाट उरली नाही. आधी खार फार मेली. अंगठा थकायचा, ते वैतागायचे, मग थोडा वेळ भाभी खेळायच्या. त्या पुढे निघून गेल्या आणि हे काही युनूसभाईंना सहन होईना. मी नुसता कोन मोजत होते. वीसचे पंचवीस झाले, मग तीस. एका आठवड्यात काहीच नाही. मग एकदम चाळीस. दुसऱ्या ऑपरेशनचा विषय सर्जननीच बंद केला.

अखेर अंगठा पंचावन्नवर थांबला. निरोगी अंगठा यापेक्षा बराच जास्त वाकतो. पण कैचीच्या कडीला पंचावन्न पुरतात, हे मी त्यांची कैची मागवून आणि त्यांच्या हातात देऊन तपासलं होतं, म्हणून शेठजींना या वेळी सरळ हो सांगितलं.

युनूसभाई कामावर रुजू झाल्यावर मी दुकानात गेले. ते एका नवरदेवाचा सूट कापत होते. शेठजी काउंटरवरून त्यांच्याकडे बघत मला म्हणाले, “स्पीड कमी झाली. पण लाइन सरळ हाय.” दुसऱ्या कटरचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. घरी शिवायला येणारे बायकांचे ब्लाउज आता भाभीच कापतात, असं युनूसभाईंनी मान वर न करता सांगितलं. कसे कापतात ते सांगितलं नाही.

पूर्वी मी पेशंटला विचारायची, व्यायाम करता ना? सगळे हो म्हणायचे आणि बहुतेक खरंच बोलायचे. आता मी विचारत नाही. जसा घरी करता तसा इथे करून दाखवा, एवढंच सांगते.