परत न नेलेलं ताट

मी आजवर लोकांना काय काय म्हणून सांगितलं नाही! लोह्याला माझ्या माहेरच्या विहिरीत एवढं मोठं कासव होतं की त्याच्या पाठीवर आम्ही बहिणी धुणं आपटायचो, हे सांगितलं. टंचाईच्या वर्षी एका तांब्यात चौघांच्या आंघोळी उरकल्या आणि उरलेल्या पाण्याचा चहा केला, हे सांगितलं — आणि तो चहा पिऊन पाहुणे म्हणाले साखर जरा जास्त झाली, हेही सांगितलं. पण एक गोष्ट आहे. साधी, कोरडी, दोन ओळींची. ती मी नवऱ्याला सांगितली नाही, लेकीला सांगितली नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा तिला जरा बाजूला सरकवून ठेवते. आज तुम्हाला सांगते. का — ते मलाही नीट माहीत नाही.

लातूरला आमची दोन घरं एका भिंतीची. एकात आम्ही, दुसऱ्यात माझा दीर आणि त्याची बायको वैशाली. माझी धाकटी जाऊ. बिलोलीची. बोलायला कमी, हाताला उरक भारी. मला आक्का म्हणते.

आता ही वैशाली म्हणजे — कसं सांगू — घरात काही म्हणून वाया जाऊ द्यायची नाही. पाण्याच्या फिल्टरमधून जे पाणी वाहून जातं त्याखाली तिची बादली. त्या पाण्यानं फरशी पुसायची. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. त्या कढीपत्त्यानं एवढा जोर धरला होता की तोडल्या नसत्या तर त्याच्या फांद्या थेट उदगीरला पोचल्या असत्या. बाजाराला जाताना खांद्याला जुन्या साडीची पिशवी. आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, त्यामुळं काटकसर सगळेच करतात. पण आम्ही करायचो ती चिडून, करवादून. ही गुणगुणत करायची. ते मला सलायचं का? तेव्हा नाही. तेव्हा मला तिचं हसू यायचं. गल्लीत मी तिच्या नकला करून दाखवायची.

कारण गल्ली माझी होती ना. संध्याकाळी पाच वाजले की बायका मेथीची जुडी, शेंगांचं सूप घेऊन माझ्या पायरीवर. मी बोलायचं, त्यांनी हसायचं. पंचवीस वर्षं हाच नेम.

मग एकदा गल्लीत एक लग्न झालं आणि जेवणाची सगळी थर्माकोलची ताटं पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर पडली. वारा सुटला की ती उडत यायची. कुणाच्या तुळशीत, कुणाच्या जिन्यात, कडेला वरणाची हळद तशीच. वैशालीनं दोन दिवस ती गोळा केली. आणि तिसऱ्या दिवशी माझ्या पायरीवर येऊन म्हणाली, "आक्का, आपल्या सगळ्यांच्या माळ्यावर स्टीलची ताटं हायेत की. लग्नात आलेली. नावं घातलेली. कुणी वापरतंय का? मला द्या. मी सांभाळते. ज्याच्या घरी कार्य, त्यानं न्यावी, घासून आणून द्यावी."

मी म्हटलं, "आन् चमचे माझ्या सासूकडून आणतीस का, स्वर्गातून?" बायका हसल्या. पण घरी गेल्या आणि शिड्या लावल्या.

ताटं आली हो! तुमच्याही माळ्यावर असतील — कडेला नाहीतर मधोमध बारीक टिंबांनी कोरलेलं: अमक्याकडून तमकीला सप्रेम भेट. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, तीस-तीस वर्षं उजेड न बघितलेली. वैशालीच्या पुढच्या खोलीत चळती लागल्या. माझ्या माळ्यावर बत्तीस ताटं होती. मी किती दिली? एक. तेही पोचा आलेलं. त्यावर मधोमध कोरलंय: 'चि. शोभा हिस आईकडून, लोहा'. देताना म्हटलं, बाकीची सापडत नाहीत.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. बारसं, डोहाळजेवण, सत्यनारायण — ताटं वैशालीकडची. लोक लांबून यायला लागले. नायगावहून एक बाई खास बघायला आली. पेपरात फोटो आला. फोटोत मधे वैशाली, तिच्या दोन्ही बाजूंना ताटांचे मनोरे, आणि उजव्या कडेला एक कोपर. ते माझं. बांगड्या छान आल्यात. ते कात्रण मी अजून ठेवलंय. कोपरासाठी कुणी कात्रण ठेवतं का? पण मी ठेवलं.

नवरा, ज्यानं तीस वर्षांत माझ्या हातच्या भाजीला "बरी झाली" याच्यापुढं एक अक्षर दिलं नाही, तो म्हणाला, "वैशालीकडून शिकावं माणसानं." माझ्या लेकीचा साखरपुडा झाला. चारशे पुरणपोळ्या मी माझ्या देखरेखीखाली लाटून घेतल्या — बरं, दोनशे. आणि व्याही जाताना काय बोलले? "ताटांची कल्पना फार आवडली आपली." आपली! मी मान डोलावली. आत काहीतरी जळत होतं, आणि त्याला वासही होता, मला येत होता.

पण खरं सांगू? नवऱ्याचं, व्याह्यांचं मी गिळलं. जे गिळता आलं नाही ते एका संध्याकाळचं. मी माझी ती कासवाची गोष्ट सांगत होते. कासव बुडी मारतं, माझी बहीण त्याच्यासोबत खाली जाते, हे असं अर्ध्यावर आलेलं. तेवढ्यात टेम्पो आला. कुणाच्या तरी कार्यातून ताटं परत आली होती. आणि बायका उठल्या. सगळ्या. "आलोच आक्का, पुसून लावून येतो." पलीकडून ताटांचा खणखणाट, हसणं. मी पायरीवर एकटी. बहीण विहिरीत.

त्या परत आल्याच नाहीत. बहीण कशी वर आली, कुणी विचारलंसुद्धा नाही.

त्यानंतर काही दिवसांनी आमच्या गल्लीतले मास्तर वारले. म्हातारे होते. दहाव्याला, तेरवीला माणसं भरपूर, त्यांच्या सुनेनं वैशालीकडं ताटं मागितली. आता इथं नीट ऐका, कारण माझं सगळं पाप याच्यातच आहे. वैशालीला लोकांची मनं माहीत होती. तिनं आधीपासूनच आपल्या घरची पन्नास ताटं वेगळी काढून त्यांच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका दिला होता. दहावं, तेरवी, वर्षश्राद्ध — त्याला लाल ठिपक्याचीच. ती वेगळ्या पेटीत. तिनं तीच दिली. तीच परत आली. त्याच पेटीत गेली. मी भिंतीवरून डोळ्यांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत सरला भेटली. समोरच्या घरची. महिन्याभरात तिच्या मुलीचं लग्न होतं आणि ताटं वैशालीकडचीच ठरलेली. गिरणी चालू, पीठ उडतंय. मी तिच्याजवळ सरकले आणि म्हटलं, "मास्तरांच्या दहाव्याला पिंडाचं सामान ज्या ताटातून नदीवर नेलं ना, ते परत आपल्याच चळतीत ठेवलंय. मी बघितलं."

बस. एवढंच.

सरला म्हणाली, "न्हाई वो आक्का! खरंच का?"

मी म्हटलं, "जाऊ दे. माझी जाऊ हाय ती. मी कशाला बोलू."

तुम्हाला कळतंय का मी काय केलं? आयुष्यभर मी थापा मारल्या त्या हातवारे करून, डोळे मोठे करून. कासवावर कुणी विश्वास ठेवला का? कुणी नाही. सगळ्यांना माहीत होतं, शोभाआक्काचं बोलणं म्हणजे चार आण्याचं बारा आणे. आणि ही एकच थाप मी हळू आवाजात मारली. मसाला नाही, मीठ नाही. वर जावेची लाज झाकण्याचा आव. ठरवून केलं का? हो. गिरणीच्या रांगेत उभी राहून मी ते वाक्य मनात तीनदा बोलून बघितलं होतं. पहिल्या खेपेला त्यात एक कावळा होता. मी कावळा काढून टाकला.

पाच दिवसांत ताटं गेली. कुणी तोंडावर काही बोललं नाही, आमच्याकडं तशी रीत नाही. "पाहुणे यायलेत, ताटं लागतील." "पोरीला द्यायची म्हणते." "आमच्या ह्यांनी विचारलं, कुठं गेली ताटं." वैशाली प्रत्येकीची ताटं नाव वाचून वेगळी काढायची, चिंच लावून घासायची, कोरडी करून हातात द्यायची. एकीलाही का म्हणून विचारलं नाही. मी भिंतीपलीकडं होते. ताट ताटावर ठेवल्याचा आवाज कसा असतो माहीत आहे? रोज थोडा थोडा कमी होत गेला.

सरलाच्या मुलीचं लग्न प्लॅस्टिकच्या ताटांत झालं. रिकामा प्लॉट परत भरला. वाऱ्यानं एक ताट माझ्याच पायरीवर आणून टाकलं, त्यावर जिलबीचा पाक. मुंग्या. मी ते पायानं ढकललं.

बायका पायरीवर परत आल्या का? आल्या. मेथी निवडली, गप्पा झाल्या. मी कासव पूर्ण केलं. हसल्याही. पण आता कुणी मला मधेच "पुढं काय झालं?" म्हणून विचारत नव्हतं. का माझ्याच कानाला तसं वाटत होतं?

एक दिवस वैशाली आली. हातात माझं ताट. पोचा आलेलं. मला वाटलं, हिला कळलं. ती म्हणाली, "आक्का, एवढ्या जणी येऊन गेल्या. तुम्ही तेवढं नेलं न्हाई."

मी ताट घ्यायला हात पुढं केला.

"लोक काय काय बोलायलेत, माझ्या कानावर आलंय. तुमच्या बी आलं असंल. तरी तुम्ही तुमचं ताट माझ्याजवळ ठिवलं." आणि ती रडली. माझी जाऊ, जिला मी सासऱ्यांच्या मरणातसुद्धा मोठ्यानं रडताना बघितलं नव्हतं. "हे मी तुम्हाला देणार न्हाई. मी ह्याच्यातच जेवत जाईन."

मी ते ताट का नेलं नव्हतं, सांगू? सुतकाचं ताट आपल्या ताटांत मिसळलं म्हणून बाकीच्या घाबरल्या. मला कसली भीती? त्या चळतीत तसलं ताट नाही, हे वैशाली सोडली तर गल्लीत मला एकटीलाच माहीत होतं.

तेव्हा सांगता आलं असतं. तोंड उघडायचं, दोन वाक्यं. मी, जिचं तोंड मिटलेलं कुणी बघितलं नाही, त्या मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

याला चार वर्षं झाली. वैशाली अजून फिल्टरखाली बादली लावते. लाल ठिपक्याची पन्नास ताटं तिच्याकडं आहेत, तेरवीला लोक ती नेतात, लग्नाला नेत नाहीत. आणि येईल त्याला ती सांगते, गल्लीत एकट्या आक्का माझ्या पाठीशी राहिल्या. मागच्या महिन्यात माझ्या जावयाला जेवायला बोलावलं तेव्हाही सांगितलं. जावई माझ्याकडं कौतुकानं बघायला लागला. आणि मी काय केलं? मी सुरू झाले. कशी मी बायकांना चौकात अडवलं, कशी सरलाला फैलावर घेतलं, कशी शेवटी कमरेला पदर खोचून म्हटलं, माझ्या जावेबद्दल एक शब्द बोलाल तर... हातवारे, डोळे, सगळं. जावई हसला. वैशाली पदरानं डोळे पुसत होती. तिनं ते खरं धरलं.

मी तिच्याकडं जेवायला गेले की ती स्वतः जेवते ते, माझं पोचा आलेलं ताट मला देते. मान म्हणून. भात मधोमध वाढते, वर वरण, तूप. मी कडेकडेनं जेवते. मधला भात उरेल तेवढा राहू देते.

पण तिच्या घरात ताटात काही टाकायची सोय नाही. ती समोर बसून बघत असते. "संपवा की वो आक्का. वाया जाऊ द्यायचं न्हाई."

मग मी संपवते. शेवटचा घास उचलला की खालून आईची अक्षरं वर येतात.