रेषेवरची चार बोटं

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर कबड्डीच्या मैदानाची मधली रेषा मारली. रविवारी सामने होते. एका टोकाला मी खुंटी ठोकली, दुसऱ्या टोकाला ती दोरी पायाच्या अंगठ्याखाली दाबून उकिडवी बसली, आणि मी डब्यातून चुन्याची फक्की सोडत सोडत तिच्याकडे सरकत गेलो. लग्न झाल्यापासून हे असंच. मी म्हणायचो, दोरी हलवू नको. ती म्हणायची, दोरी नाही हलत, तुमचा हात हलतो. त्या संध्याकाळीही तेच म्हणाली. वर म्हणाली, म्हातारे झालात, आता मला द्या डबा, तुम्ही बसा अंगठा दाबून.

मग तिनं एक गोष्ट विचारली. ती सांगतो, पण आधी दुसरं सांगायला लागेल.

हे मी कोणाला बोललेलो नाही. लाडकीला — माझ्या बायकोला — तिला तर नाहीच. आणि तिलाच सांगायचं होतं. आता ती नाही, तर कागदावर लिहितोय. चौथीपर्यंत शाळा झाली माझी, चुका असतील. तुम्ही वाचा म्हणजे झालं.

आमचं मंडळ तलासरीच्या अलीकडे, हायवेपासून आत. मी त्यात कधी खेळलो नाही. म्हणजे कोणी घेतलंच नाही, माझा दम टिकत नव्हता. मग मी मैदान धरलं. दिवसभर डहाणूला चिकूच्या वाडीत मजुरी करायची आणि संध्याकाळी येऊन माती चाळायची, पाणी मारायचं, धुमशानं ठोकून ठोकून सपाट करायची. अच्छाडच्या ढाब्यावर ट्रकवाल्यांकडून फाटकी ताडपत्री मागून आणायची, मैदान झाकायला. लोक मला मंडळाचा खांब म्हणतात. दोनदा शाल दिली. एवढी वर्षं सेवा केली, असं माईकवर बोलतात. मी खाली बघतो. लोकांना वाटतं, लाजतोय.

आमच्याकडे एक पद्धत आहे. गडी बाद झाला, नुसतं नख लागलं तरी, पंचाच्या शिट्टीची वाट बघायची नाही. आपणहून हात वर करायचा आणि बाहेर जायचं. दुसऱ्या गावचे हसतात आमच्या पोरांना. ही पद्धत मी पाडली. शिव्या घालून पाडली. कोणी विचारलं नाही, की तात्या, तुम्हाला एवढं का लागतं हे?

एकतीस वर्षं झाली. आमच्याच मैदानावर फायनल होती, आणि समोर लाडकीच्या माहेरचा संघ, डोंगराकडचा. आमचं मंडळ तोवर कधीच जिंकलेलं नव्हतं. शेवटची चढाई होती लाडकीच्या भावाची, रघूची. धाकटा भाऊ तिचा. तिनंच कडेवर वाढवलेला. त्याला आमच्या चौघांनी धरला. तो पडला, पण दम सोडला नाही, कबड्डी कबड्डी म्हणत मातीतून सरपटत हात लांब करत राहिला. मधली रेषा ओलांडून त्याचा हात त्याच्या बाजूला टेकला, की तो जिंकला. आमचे चौघे बाद.

त्या रेषेवर मी उभा होतो. रेषापंच कमी पडला म्हणून मला उभं केलेलं. माझ्या पायापाशी हे सगळं झालं, दोन हातांवर.

हात टेकला. मी बघितला. फक्कीतून चार बोटं ओढली गेली आणि पलीकडच्या लाल मातीवर चार पांढरे ओरखडे उठले, वीतभर लांब. मग शिट्टी झाली. अंगावर सगळे पडलेले, धूळ उडालेली, पंच लांबून पळत येत होता. आणि मी — मी पाय पुढे टाकला. ओरखड्यांवर ठेवला. आणि घासला.

कोणी सांगितलं होतं मला? कोणीच नाही. पंचानं विचारलं, पोचला? मी म्हटलं, नाही पोचला.

त्या दिवशी पहिल्यांदा पोरांनी मला खांद्यावर घेतलं.

रघू ओरडत नव्हता. बोटं दाखवत होता, फक्की लागलेली. पंच म्हणाला, फक्की रेषेला हात लावला तरी लागते. तेव्हा त्यानं सगळ्यांसमोर आईची शपथ घेतली. म्हणाला, आईची शपथ, माझा हात पोचला होता. लोक हसले. बायकांमध्ये लाडकी बसली होती. घरी आल्यावर तिनं मला एवढंच विचारलं, तुम्ही तर तिथंच होता ना? मी म्हटलं, तुझा भाऊ खोटं बोलतो. आणि जेवायला बसलो.

पुढच्या पावसाळ्यात तिची आई तापानं गेली. आठ दिवसांत गेली. आम्ही पोचलो तेव्हा रघू आईच्या पायाशी बसलेला. लाडकी त्याच्यासमोर उभी राहिली आणि बोलली, "खोटी शपथ खाल्लीस, म्हणून आई गेली. मला तोंड दाखवू नको." सगळी भावकी ऐकत होती. तो माझ्याकडे बघायला लागला. फक्त माझ्याकडे. त्याला माहीत होतं ना, माझा पाय कुठं होता ते. आणि मी काय केलं? बिडी पेटवायला बाहेर गेलो.

त्यानंतर ती माहेरी गेली नाही. भाऊबीजेला ताट काढायची, पुसायची, परत ठेवून द्यायची. आमच्या पोरीच्या लग्नाला मामा नाही आला. अक्षता टाकायच्या वेळी बायका कुजबुजल्या, तर लाडकी म्हणाली, मला भाऊ नाही. मी मांडवात पाणी वाढत होतो. मला ऐकू आलं.

सांगायला वेळ नव्हता असं नाही. एकतीस वर्षं रोज एका ताटलीला दोघं बसत होतो. महिन्या-दोन महिन्यांनी तीच मधली रेषा मारत होतो, तिचा अंगठा एका टोकाला, मी दुसऱ्या. पण सांगितलं असतं तर तिनं मला काय म्हटलं असतं? मी त्याला घाबरलो. दुसरं काही नाही.

आता त्या संध्याकाळचं. रेषा मारून मी तिच्यापर्यंत पोचलो. ती उठली नाही. फक्कीकडे बघत म्हणाली, "खरं सांगा हो. रघूचा हात पोचला नव्हता का?"

इतक्या वर्षांत परत कधी विचारलं नव्हतं तिनं. आवाजात राग नव्हता. नुसतं विचारत होती, जसं मीठ आहे का विचारतात.

मी म्हटलं, "दोरी गुंडाळ."

तिनं गुंडाळली. कोपर आणि अंगठ्यात, नेहमीसारखी आठाच्या आकड्यात. घरी येऊन भाकरी केली. पहाटे उठली नाही.

सकाळी अंगण भरलं. पोरगी आली, मंडळाची पोरं आली. रघूला कोणी फोन केला माहीत नाही. मोटरसायकलवर आला. केस सगळे पांढरे. तोंड दाखवू नको म्हणाली होती ना — म्हणून कुंपणाबाहेरच उभा राहिला, हातात पिशवी. बायका म्हणाल्या, अरे ये, माहेरची साडी तुझीच लागते तिला. तेव्हा आत आला. हिरवी साडी होती. तिच्या अंगावर घातली, कडा सारख्या केल्या. मग तिच्या कानाशी वाकला. हळूच बोलला, पण अंगण गप्प होतं, सगळ्यांना ऐकू आलं.

"बाय, माझा हात पोचला होता गं."

मग उभा राहून माझ्याकडे बघितलं. पोरीनं बघितलं. मंडळाच्या पोरांनीही बघितलं, ज्यांना मी हात वर करायला शिकवलं. मला एक शब्द बोलायचा होता. माझे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते, नखांत अजून कालची फक्की होती.

मी म्हटलं, "उचला आता. ऊन होतंय."