लिफ्टवाले काका आणि सतरावा प्रश्न

लिफ्टवाले काका बोलतातही लिफ्टसारखे. एक वाक्य झालं की थांबणार, समोरचा उतरला का ते बघणार, मगच पुढच्या मजल्याला निघणार. "जेवायला वाढ." थांबा. "भूक आहे." थांबा. "फार नाही." काकू म्हणतात, "यांचं सांगून होईपर्यंत भाजी गार होते."

काकांची स्वतःची कंपनी आहे. म्हणजे मालक काका, कारागीर काका, आणि कुणावर ओरडायचं झालं तर ओरडा खाणारेही काकाच. अकरा वर्षं ही कंपनी एकाच मोठ्या इस्पितळाच्या सहा लिफ्ट सांभाळते आहे. काका खड्ड्यात उतरून दोर चाचपतात, ब्रेक बघतात, दाराचं कुलूप कानाशी वाजवून ऐकतात आणि मग भिंतीवर टांगलेलं तपासणीचं कार्ड भरतात. जुन्या लिफ्टमध्ये फोन नाही? लिहा 'लागू नाही'. पंखा नाही? 'लागू नाही'. एक रकाना कोरा दिसणार नाही, कारण त्यांच्या धंद्यात कोरा रकाना म्हणजे मेकॅनिकने तो भाग बघितलाच नाही.

दरवर्षी काकांचा कराचा फॉर्म मेव्हणी भरायची. तिचं तेच काम, बाजारात जिन्याखाली छोटंसं ऑफिस. यंदा ती तापाने पडली, म्हणून काकांनी फॉर्म स्वतः भरला आणि पाठवलाही. ती बरी झाल्यावर प्रत दाखवायला गेले. चार शब्द कौतुकाचे मिळावेत, एवढीच अपेक्षा.

मेव्हणीच्या बोलण्यात स्वल्पविराम नसतो. "बसा भाऊजी पाणी घ्या ताई बरी आहे ना आणा इकडे वा वा अक्षर छान हे काय?"

"काय?"

"सतरावा प्रश्न." तिने सरकारी आवाज काढला, नाकातला. "'आपण स्वतःच्या कंपनीमार्फत प्रामुख्याने एकाच ग्राहकासाठी काम करता काय? उत्तर ऐच्छिक.' आणि तुम्ही लिहिलंत 'लागू नाही'!"

"ऐच्छिक होता." थांबा. "म्हणून कोरा सोडायचा?"

"अहो, कोराच सोडायचा! ऐच्छिक प्रश्न सोडला तर तुम्ही गप्प बसलात, बस. पण 'लागू नाही' हे उत्तर झालं, आणि तुम्हाला तर तो डोक्यापासून पायापर्यंत लागू आहे! खाली सही कुणाची? 'वरील माहिती खरी आहे.'"

काकांचा चेहरा उतरला. दोन महिन्यांनी लिफ्ट-मेकॅनिकचा परवाना नव्याने काढायचा होता. त्या अर्जात एक ओळ असते: मी कुठल्याही सरकारी कागदावर खोटं विधान केलेलं नाही. परवाना नाही तर कार्डावर सही नाही, आणि सही नाही तर इस्पितळ नाही.

"घाबरू नका," मेव्हणी म्हणाली. "शुक्रवारपर्यंत दुरुस्त प्रत पाठवता येते. मी खोडते, कोरं ठेवते, विषय संपला."

"नको." थांबा. "खरं उत्तर लिहू."

"कशाला विकतचं दुखणं? अकरा वर्षं एकच ठिकाण म्हटलं की करवाले विचारणार, हा कंत्राटदार की पगारी नोकर? नोकर ठरलात तर कराचा हिशेबच बदलतो!" तिने फोन लावला. "ताई, समजाव गं यांना!"

पलीकडून काकूंचा आवाज आला, "समजावते की. पण आधी त्यांचं वाक्य संपायला हवं. तोवर शुक्रवार उलटेल."

काका हसले नाहीत. "कार्डावर चुकलं तर आम्ही एक रेघ मारतो." थांबा. "शेजारी बरोबर ते लिहितो." थांबा. "नुसतं पुसून ठेवलं तर पुढच्या माणसाला वाटेल, काहीतरी लपवलंय."

मेव्हणीने पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच तीही थांबली. मग म्हणाली, "बरं. पण लिहायचं तर पूर्ण लिहायचं. नुसतं 'हो' लिहून पळायचं नाही. हत्यारं कुणाची?"

"माझी."

"कधी यायचं ते कोण ठरवतं?"

"मी. बंद पडली तर लिफ्ट ठरवते."

"आणि आजारी पडलात तर?"

"दुसरा मेकॅनिक पाठवतो. पैसे मी देतो."

"मग हेच लिहा की! आणि याचे कागद घरी एकत्र ठेवा. उद्या कुणी विचारलं तर शोधाशोध नको." उरलेल्या तीन ऐच्छिक प्रश्नांपुढचं 'लागू नाही' तिने खोडलं, तिथे लपवण्यासारखं काही नव्हतंच. घरचा दुसरा फोन, जुना पत्ता, फावल्या वेळातलं काम. काका त्या मोकळ्या जागांकडे बघत राहिले. दात पडल्यावर जीभ जशी तिथेच जाते, तशी त्यांची नजर.

"भाऊजी, हात खिशात घाला."

घातले.

महिन्याभराने चौकशीचं बोलावणं आलंच. कराच्या कचेरीतल्या बाईंचं प्रत्येक वाक्य 'त्याचं काय आहे'ने सुरू व्हायचं. "त्याचं काय आहे, ऐच्छिक उत्तर दुरुस्त करायला आमच्याकडे कुणी येत नाही." त्यांनी हत्यारांच्या पावत्या पाहिल्या, बदली मेकॅनिकची बिलं पाहिली, तासभर फोनाफोनी केली. "त्याचं काय आहे, यंदापुरतं कंत्राटदार म्हणून मान्य. पुढच्या वर्षी परत विचारू शकतो."

"विचारा," काका म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी परवान्याचा अर्ज काढला. खोट्या विधानाची ती ओळ काकूंना ऐकू जाईल अशी मोठ्याने वाचली, खाली सही केली आणि म्हणाले, "टपालाचं पाकीट दे."