आमच्या पोरांनी शिकवलेली मुलगी

माझी लेक सौदीतल्या जिझानच्या इंडियन स्कूलमध्ये अकरावीला होती, तेव्हा तिच्या वर्गातल्या पोरांनी एक मंडळ काढलं. आफ्रिकेतल्या मुलांची शाळेची फी भरायची. परदेशी कॉलेजात अ‍ॅडमिशन हवी तर असलं काहीतरी समाजकार्य दाखवावं लागतं म्हणे. हेतू काही का असेना, पिझ्झ्याचे पैसे वाचवून पोरं खरंच फी पाठवायला लागली. मला बाई कौतुक वाटलं.

आम्हा नर्सेसना क्वार्टर्सवरून हॉस्पिटलला नेणाऱ्या बसचा ड्रायव्हर सुदानी. पन्नाशीचा, ताठ, मोजकं बोलणारा. लढाईत त्याचं घर गेलं, बायको गेली. मुलगी तेवढी आजीचा हात धरून सरहद्दीपलीकडे चाडमध्ये पोचली. तिथे एक बरी शाळा होती, पण फी परवडत नव्हती. याच्या पगारावर सगळं गोत जगत होतं. मंडळाचा विषय मीच काढला. त्याने आरशातून मागे कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग म्हणाला, "पोरगी हुशार आहे, म्हणून घेतो. पण सिस्टर, इथे कुणाला कळता कामा नये. इथली आमची माणसं भांडणं सोडवायला माझ्याकडे येतात."

मी शब्द दिला. घरी लेकीलाही कानीकपाळी ओरडून बजावलं. "ओके मम्मा, ओके," ती म्हणाली.

मुलगी शाळेत जाऊ लागली. "डॉक्टर होणार म्हणते," असं एकदा तो आपणहून बोलला आणि हसला. त्याला हसताना मी तेवढंच पाहिलं.

मग आलं शाळेचं गॅदरिंग. क्वार्टर्समधल्या सगळ्यांना घेऊन त्याचीच बस गेली. बाहेर उकाडा मरणाचा, म्हणून मीच त्याला म्हटलं, आत या, समोसा-चहा तरी घ्या. तो दाराशी उभा राहिला. खुर्च्या मांडायला आलेली चार-सहा सुदानी माणसंही तिथेच होती, त्याच्या ओळखीची.

आमच्या मंडळाची पाळी आली आणि मागच्या पडद्यावर ती दिसली. युनिफॉर्ममधली काटकुळी पोर, हातात 'थँक यू' लिहिलेली पाटी. पोरांनी चाडच्या शाळेकडून फोटो गुपचूप मागवला होता. वर निवेदन करणारी पोरगी माइकवर ठणकावून सांगते, ही आपल्याच हॉस्पिटलच्या बस-ड्रायव्हरची मुलगी! टाळ्यांचा नुसता कडकडाट. खुर्च्यांवाल्यांपैकी एकाने मान वळवून दाराकडे पाहिलं. मग बाकीच्यांनी. हातातला समोसा त्याने हळूच टेबलावर ठेवला.

आमच्याकडे देवळाला पंखा दिला तरी पात्यांवर देणाऱ्याचं नाव रंगवतात. ही पोरं त्याच घरांतली. दुसरं काय करणार होती?

घरी मी लेकीला फाडून खाल्लं.

"मम्मा, इट्स जस्ट अ फोटो! हेल्प ही तो की ना उनकी!"

"हेल्प? अगं भवाने, माणसाची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस!"

ती ढसाढसा रडली. मुद्दाम केलं असतं तर मी निदान चिडून मोकळी झाले असते. तिला कळलंच नव्हतं, आणि अजूनही कळत नव्हतं.

आठवड्याच्या आत त्याने मुलीचं नाव शाळेतून काढलं. मी पुढच्या सीटवर बसून रोज त्याच्या विनवण्या करायची. पोरीचा काय गुन्हा?

"तिचा काहीच नाही," तो म्हणायचा. "पण त्या पाटीवर शिकली, तर जन्मभर ती पाटीच तिच्या हातात दिसेल."

"मग मी एकटी भरते. कुणाला म्हणजे कुणाला सांगणार नाही."

"तुम्ही मागेही असंच म्हणाला होतात, सिस्टर."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. एवढ्या शांतपणे बोलला की मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

एका सकाळी बस सिग्नलला थांबली आणि त्याचा फोन वाजला. हात स्टिअरिंगवर, म्हणून त्याने स्पीकर लावला. मुलीचा आवाज होता, रडून बसलेला. पेशंटांनी शिकवली तेवढीच माझी अरबी, पण ती पुरली. "बाबा, मी काय चुकले? माझा पहिला नंबर आला होता ना?" ती पुन्हा पुन्हा तेच विचारत होती.

"तू काही चुकली नाहीस, बेटा," तो म्हणाला. "खलास, आता बस." आणि त्याने फोन ठेवला.

सिग्नल सुटला. बस निघाली तसा फोन परत वाजू लागला. हॉस्पिटलचं गेट येईपर्यंत वाजत होता. तो उचलत नव्हता, आणि बंदही करत नव्हता.