अंगठ्याची घाई

आर्वीत लग्नाचे व्हिडिओ काढणारा आमचा हा ओळखीचा माणूस भलताच संथ. चहासुद्धा गार करून पितो. पण त्याच्या गावी, रोहण्याला, ड्रोनचा कॅमेरा फिरवला की चित्र एकाच जागी अडखळायचं. त्यानं शटरचा वेग कमी केला, भिंगावर काळी काच लावली. झटका कायम.

"वारा असन गा," तो म्हणाला.

शेतातल्या पऱ्हाटीचं, कपाशीचं, पानही हलत नव्हतं. मी रिमोटच्या दांडीवरचा त्याचा अंगठा पाहत होतो. वाटणीपासून अबोला धरलेल्या भावाचं घर स्क्रीनवर आलं, की तो घाई करायचा.

"हळू फिरव ना गा," मी म्हटलं.

यावेळी घर सावकाश आलं. अंगणातल्या भावानं उन्हाला कपाळावर आडवा हात धरून वर पाहिलं.

"मलेच पाहून राह्यला," आमचा माणूस स्क्रीनकडे पाहत पुटपुटला, आणि त्यानं दांडीवरचा अंगठा उचलला. ड्रोन घरावर तसाच थांबला.