काटा सैल नाही, भावोजी

मंडळी, आज सकाळची गोष्ट.

कॅटॅलिस्टवर, म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थावर, वायू जळताना कधीकधी तापमान आपसूक वर-खाली झुलतं. त्याचं सिम्युलेशन मी रत्नागिरीत घरच्या कॉम्प्युटरवर चालवत होतो. लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर असलेले माझे भावोजी चहा पीत बघत होते.

"अशीच रेघ आमच्या रिअॅक्टरच्या तापमानाच्या चार्टवर येते," ते हसले. "काटा सैल झालाय. आम्ही आपला मधला आकडा लिहितो."

"झोके वाढतायत?"

"जरासे. आठवडाभर."

तेवढ्यात स्क्रीनवरचे झोके वाढले आणि रेघ सरळ वर निघून गेली. खरा रिअॅक्टर असता तर स्फोटच.

"तुझा कॉम्प्युटर रे!" म्हणत ते एसटी गाठायला निघाले. आज त्यांची सेकंड शिफ्ट आहे.

कंपनीत फोन केला. "काटा उद्या बदलतोय," तिथले साहेब म्हणाले.

मंडळी, ताईला काय सांगू?