शटरची स्प्रिंग

गोल बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे. त्याचं शटर मी रोज सकाळी एका हातानं वर सारायचो आणि शेजारचे दुकानदार पाहतात का, ते हळूच बघून घ्यायचो. मले त्याचा गर्व होता, खोटं कशाले लिहू?

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी शटर गुडघ्यापर्यंत आलं आणि अडलं. दोन्ही हात लावले तरी हलेना. माझा मुलगा इकडेच हिंदी मुलखात वाढलेला, तो म्हणाला, "बाबा, अब उमर हो गई. घर में आराम करो, दुकान मैं देख लूँगा."

"तू उचलून दाखव," मी म्हटलं. त्यालेही जमलं नाही, पण मले घरी बसवायचा हेका त्यानं सोडला नाही. शेवटी मीच आपल्या विदर्भाकडचा एक मिस्त्री बोलावला.

त्यानं वरचा डबा उघडला. आतली गुंडाळलेली स्प्रिंग तुटली होती. "काका, शटर तुम्ही नाही, ही उचलत होती," तो हसला.

मले राग आला. "मंग इतकी वर्षं मी काय करून राहिलो होतो?"

"संध्याकाळी तुम्ही शटर खाली ओढता, तेव्हा हिच्यात ताण भरतो. तो रातभर राहतो आणि सकाळी शटर वर नेतो. जोर तुमचाच, पण आदल्या दिवसाचा."

मी चौथी शिकलेला, तरी हे लगेच समजलं. मानायले मात्र वेळ लागला.

नवी स्प्रिंग बसली. मुलगा जरा नरमला. "ठीक है, खोलना आप. शाम को बंद मैं कर दूँगा."

"नाही," मी म्हटलं. "बंद तं मीच करीन."